खुराक : किती आणि कुणाला?

यंदा आषाढी एकादशीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरात दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी, की आमच्या चिरंजीवांनी आरशासमोर उभे राहून दंडाची बेटकुळी काढली, ती माझ्या शिवणाच्या टेपने मोजली आणि ‘आई, मला प्रोटीन कमी पडतंय’ असे जाहीर केले. दुसरी अशी, की सासूबाई पूजा आटोपून पाटावरून उठू लागल्या आणि त्यांना उठताच येईना. पहिल्या गोष्टीची घरात आठ दिवस चर्चा झाली. दुसरीची झालीच नाही. ह्यांनी एका बाजूने धरले, मी दुसऱ्या बाजूने. सासूबाई उभ्या राहिल्या, ‘वय झालं आता’ म्हणाल्या, आणि आम्ही सर्वांनी ते मुकाट्याने मान्य करून टाकले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला मला पुढे तीन आठवडे लागले. त्याचीच ही हकीकत.

चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. वजन साठ किलो. व्यायामशाळेत जाऊ लागून तीन महिने झालेले. तिथल्या कुणा अनुभवी मित्राने त्यांना मंत्र दिला होता : वजनाचा आकडा घ्यायचा, त्याला तिनाने गुणायचे, तेवढे ग्रॅम प्रथिने रोज पोटात गेली पाहिजेत. म्हणजे साठ त्रिक एकशे ऐंशी. आणि आपल्या ‘वरणभाताने’ हे होणे शक्य नाही, म्हणून पुडीचा एक मोठा डबा आणायचा. डब्याची किंमत ऐकल्यावर ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, ‘‘यात गाय पण येते का बरोबर?’’

मी मराठी शिकवते. शरीरशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला. पण पैसे खर्चायचे तर आधी चौकशी करावी, हा आपल्या मध्यमवर्गाचा कुळधर्म. आमच्या कॉलेजात अन्नशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत. मधल्या सुट्टीत त्यांना गाठले आणि विचारले, ‘‘स्नायू कमवायचे तर प्रथिने खायची किती?’’ त्यांनी उत्तर दिले, पण आधी एक प्रश्न विचारला : ‘‘घरात आणखी कोण कोण आहे?’’ तेव्हा मला त्या प्रश्नाचे नवल वाटले होते.

पहिल्या पाटावरचा पाहुणा

शब्दाच्या मुळाशी जाण्याची आम्हा भाषावाल्यांना खोड. ‘प्रोटीन’ हा शब्द १८३८ साली छापून आला. मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने तो वापरला. सुचवला होता स्वीडनच्या बर्झेलियसने. मुळातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पहिल्या प्रतीचे, अग्रमानाचे’. आपला ‘प्रथिन’ शब्दही कानाला ‘प्रथम’ची आठवण करून देतो. बारशालाच या पाहुण्याला पहिल्या पाटावर बसवले म्हटल्यावर पुढे त्याचे अवास्तव कौतुक झाले नसते तरच नवल!

जर्मनीच्या लीबिग या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने १८४२ साली असे मत मांडले, की स्नायू काम करतात ते आपल्यातलेच प्रथिन खर्चून. म्हणजे जितके कष्ट जास्त, तितके प्रथिन जास्त हवे. हे ऐकायला इतके पटण्यासारखे आहे, की आजही निम्मे जग तेच धरून बसले आहे. पण १८६५ च्या ऑगस्टमध्ये झुरिकच्या दोन प्राध्यापकांनी, फिक आणि विस्लिसेनस यांनी, एक गमतीदार खटाटोप केला. पिठूळ सत्त्वाच्या, चरबीत तळलेल्या वड्या आणि साखरेचा चहा एवढ्यावरच राहून, प्रथिनाचा कण न खाता ते स्वित्झर्लंडचे फाउलहॉर्न शिखर चढून गेले. चढताना आणि नंतर स्वतःची लघवी जमवून त्यांनी तिच्यातला नायट्रोजन मोजला. कारण शरीरात प्रथिन खर्च झाले की त्यातला नायट्रोजन त्याच वाटेने बाहेर पडतो. हिशेब केला तेव्हा दिसले, की जितके प्रथिन खर्ची पडले होते, त्यातून एवढ्या चढाईला पुरेल इतकी शक्ती निघणेच शक्य नव्हते. चढाई झाली होती ती साखर, पीठ आणि चरबी यांच्या जोरावर.

तरी कौतुक संपले नाही. म्युनिकच्या फॉइट यांनी कष्टकरी माणसाला दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिने हवीत असा आकडा दिला आणि तो पुढे बराच काळ प्रमाण मानला गेला. मग १९०४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या चिटेंडन यांनी प्राध्यापक, सैनिक आणि खेळाडू अशा तिन्ही जातींची माणसे महिनोन्‌महिने त्याच्या जवळपास निम्म्या प्रथिनांवर ठेवून दाखवली; माणसे ठणठणीत राहिली. थोडक्यात, प्रथिनांचा आकडा वर चढवायचा आणि कुणीतरी येऊन तो खाली उतरवायचा, हा खेळ आजचा नव्हे.

वडिलांच्या तालमीतले बदाम

माझे माहेर कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या खासबाग मैदानाचे शहर ते. तिथे मुलगा अंगापिंडाने भरू लागला की त्याला तालमीत धाडायचे, हा रिवाज. माझे वडीलही सत्तरीच्या दशकात लाल मातीत लोळलेले. ‘खुराक’ हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज आजही किंचित घोगरा होतो. भिजवून सोललेल्या बदामांची थंडाई, म्हशीचे धारोष्ण दूध, तूप, भिजवलेले हरभरे. ‘‘बदामाशिवाय पैलवान नाही,’’ हे त्यांचे ब्रीदवाक्य.

अन्नशास्त्राच्या बाईंच्या मदतीने मी त्या खुराकाचा हिशेब केला, आणि वडिलांना तो सांगताना माझी जीभ जरा अडखळली. मूठभर म्हणजे पन्नासेक ग्रॅम बदाम, त्यात प्रथिने दहा ग्रॅम. तेच म्हशीचे दूध पैलवान दोन लिटर पीत; त्यात पाऊणशे ग्रॅम. नाव झाले बदामांचे, राबले दूध! वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘असेल. पण दूध पिऊन घरी बसलेला कुणी पैलवान झाल्याचं मी पाहिलं नाही. आधी हजार जोर, मग दूध.’’

या एका वाक्यात त्यांनी जे सांगितले, तेच मला पुढे शास्त्रानेही सांगितले.

आकडा

आता मुख्य मुद्दा. आपल्या शरीरातील प्रथिनांची रोज मोडतोड आणि रोजच नवी बांधणी चालू असते. मोठ्या माणसाच्या अंगात दिवसाला अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिनांची अशी उलाढाल होते. त्यातला बराच माल पुन्हा वापरला जातो. थोडा वाया जातो आणि तो अन्नातून भरून काढावा लागतो. साध्या, निरोगी प्रौढ माणसाला त्यासाठी किती हवे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेले प्रमाण आहे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम.

वजने उचलणाऱ्याला याहून जास्त लागते, हे खरे आहे. जोर-बैठका किंवा वजने यांचा ताण पडला, की पुढे दिवसभर, कधी त्याहूनही जास्त वेळ, स्नायूंतील बांधकाम वाढलेले असते. त्याला माल हवा. किती, यावर २०१८ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ४९ चाचण्या, अठराशेहून अधिक माणसे. निष्कर्ष असा, की दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढवल्याने स्नायू भरण्याला मदत होते. त्यापुढे वाढवून सरासरीने काही हाती लागत नाही. माणसामाणसांत फरक असतो म्हणून संशोधकांनी वरची मर्यादा २.२ पर्यंत मोकळी ठेवली. तिनाचा गुणाकार कुठेच नाही.

पण त्या आढाव्यात मला याहून मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. काही आठवडे व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू आणि तत्सम वजन सरासरी किलोभराने वाढले, ते व्यायामाने. जादा प्रथिने खाणाऱ्यांना त्यावर लाभ झाला तो सुमारे तीनशे ग्रॅमचा. म्हणजे वडील म्हणाले तसेच : आधी जोर, मग दूध.

चिरंजीवांना मी आणखी एक हिशेब करून दाखवला. स्नायूचा तीन-चतुर्थांश भाग असतो पाणी. प्रथिन जेमतेम पाचवा हिस्सा. महिन्यात तुझे अर्धा किलो स्नायू वाढले असे धर. त्यात प्रथिन शंभर ग्रॅम. दिवसाला साडेतीन ग्रॅमही नाही. अर्ध्या अंड्यापुरते! खाल्लेला प्रत्येक कण दंडात जाऊन बसत नाही, मोडतोडही वाढलेली असते, म्हणून आपण खातो त्याच्या कितीतरी पट. पण एकशे ऐंशी ग्रॅम कशासाठी? शरीराला प्रथिनांचे फडताळ नाही. दिवाळीचा चिवडा डब्यात भरून ठेवावा तसे ते साठवता येत नाही. जास्तीचे झाले की यकृत त्यातला नायट्रोजन काढून टाकते, मूत्रपिंडे तो बाहेर घालवतात, आणि उरलेला भाग सरपणात जातो किंवा चरबी होतो. चंदनाचे लाकूड चुलीत घालण्यातलाच प्रकार!

‘‘बरं, मग मला किती?’’ चिरंजीव जरा नरमले. साठ गुणिले १.६. शहाण्णव ग्रॅम.

तराजू स्वयंपाकघरात येतो

मग आम्ही एक रविवार धरून त्यांच्या ताटातले सगळे वजन करून पाहिले. मोजायचे ते कच्चे, शिजवण्यापूर्वी; कारण शिजल्यावर पाण्याचे वजन वाढते आणि हिशेब चुकतो. पाच पोळ्या, पंधरा ग्रॅम. दोन वाट्या भात, पाच. दोन वाट्या दाट वरण, बारा. अर्धा लिटर दूध, सोळा. वाटीभर मटकीची उसळ, सात. वाटीभर दही, चार. भाजी-कोशिंबिरीतला दाण्याचा कूट, पाच. बेरीज चौसष्ट! ज्या ‘वरणभाताची’ हेटाळणी झाली होती, त्याने दोन-तृतीयांश मजल आधीच मारली होती.

उरले बत्तीस. दोन अंडी, बारा. पन्नास ग्रॅम फुटाणे, दहा. उसळीची आणखी एक वाटी, सात. दह्याची आणखी एक, चार. तेहतीस झाले. अंडी न खाणाऱ्या घरात पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या तेरा ग्रॅमची सोय करतात. मासे-मटण खाणाऱ्यांना तर प्रश्नच नाही. शंभर ग्रॅम कोंबडीत किंवा मासळीत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात.

डाळीचे प्रथिन ‘कमअस्सल’ असते असा एक आक्षेप चिरंजीवांनी आणला होता. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. प्रथिने वीस तऱ्हेच्या अमिनो आम्लांची बनतात; त्यांतली नऊ अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदूळ-गव्हात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात आहे. वरण आणि भात ही जोडी जमवणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही नावे ठाऊक नव्हती, पण संसार एकमेकांची उणीव भरून काढण्यावर चालतो हे ठाऊक असावे. वरणाची वाटी मात्र दाट हवी. आपल्या घरांत होते असे, की भात डोंगराएवढा आणि वरण त्यावरून ओघळणाऱ्या झऱ्याएवढे.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात पुडी प्यायलीच पाहिजे, ही धास्तीही सोडून द्यावी. स्नायूंचे बांधकाम दिवसभर चालते. तीन-चार जेवणांत वीस-पंचवीस ग्रॅम वाटून घेतले की पुरे. आणि पोळी-भाताला रजा देऊ नये. पोटात पुरेसे जळण नसले, तर शरीर प्रथिनेच जाळते.

राहता राहिली ती पुडी. ती विष नव्हे आणि अमृतही नव्हे. दूध नासल्यावर वर जी निवळी सुटते, तिच्यातले प्रथिन वेगळे काढून वाळवलेले असते, इतकेच. ज्याला खरोखर जेवायला उसंत नाही, त्याची सोय होते. पण २०२४ साली आपल्याकडच्या बाजारातल्या छत्तीस पुड्या तपासून एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे सत्तर टक्के पुड्यांवर छापलेला प्रथिनांचा आकडा आत सापडलेल्या प्रथिनांशी जुळला नाही. त्यापेक्षा फुटाणे काही लपवत नाहीत.

दुसरी बेरीज

तराजू ओट्यावरच होता. सासूबाई दाराशी उभ्या राहून नातवाचा हिशेब कौतुकाने बघत होत्या. तेव्हा अन्नशास्त्राच्या बाईंचा तो प्रश्न मला आठवला : घरात आणखी कोण कोण आहे?

‘‘आजी, आता तुझं करूया,’’ चिरंजीव थट्टेने म्हणाले. सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर, वजन पन्नास किलो. दोन पोळ्या, सहा ग्रॅम. वाटीभर भात, अडीच. अर्धी वाटी पातळ वरण, तीन. दिवसभराच्या चहातले दूध, पाच. ताक, दोन. भाजी आणि तिच्यातला कूट, चार. साडेबावीस. सोमवारी आणि एकादशीला त्याहूनही कमी. कारण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच, खिचडीत जे काही असते ते शेंगदाण्यांच्या पुण्याईने. स्वयंपाकघरात एकदम शांतता झाली.

कारण म्हातारपणी प्रथिने कमी लागतात, ही आपली समजूत उलटी आहे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झडू लागतात. वय वाढले की तेवढ्याच घासातून शरीर पूर्वीइतके बांधकाम करू शकत नाही. म्हणून वृद्धांना दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम द्यावे असे आता तज्ज्ञ सांगतात. सासूबाईंना पन्नास ते साठ ग्रॅम हवे होते. मिळत होते त्याच्या निम्म्याहून कमी. ज्याला थोडे कमी पडत होते, त्याच्यासाठी आम्ही घर डोक्यावर घेतले होते; जिला खरोखर उपाशी म्हणावे, तिला आम्ही ‘वय झालं’ म्हणून सोडून दिले होते. आणि यात दोष तिच्या भुकेचाही नव्हता. सगळ्यांचे वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी राहील ते वरण आपले, ही तिची जन्माची सवय. खरे सांगायचे तर, माझीही तीच होऊ घातली आहे.

पण नुसते वाढून भागत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात बहात्तर ते अठ्ठ्याण्णव वयाच्या शंभर अशक्त माणसांवर झालेला एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. काहींना दहा आठवडे पायांनी वजने ढकलण्याचा व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना यांतले काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली. नुसते पेय घेणाऱ्यांची वाढलीच नाही. नव्वदीच्या उंबरठ्यावरही स्नायू हाकेला ओ देतात. पण हाक कष्टाची लागते, घासाची नव्हे.

आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. हे महत्त्वाचे आहे. निरोगी मूत्रपिंडांना जास्त प्रथिनांनी अपाय झाल्याचे दिसत नाही. पण मूत्रपिंडे आधीच दुबळी असतील तर प्रथिने वाढवणे धोक्याचे, आणि म्हातारपणी, मधुमेहात किंवा रक्तदाबात ती न कळत दुबळी झालेली असू शकतात. रक्ताची तपासणी ठीक आली. मग सासूबाईंचे वरण दाट झाले आणि वाटी पूर्ण झाली. सकाळच्या चहाच्या जागी कपभर दूध आले. दुपारी वाटीभर दही, संध्याकाळी मऊ मुगाचे धिरडे. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध आणि दाण्याची आमटी. अंड्याचा विषय त्यांच्यापुरता निघालाच नाही. आकडा पंचेचाळिसाच्या वर गेला.

आणि व्यायाम? खुर्चीत बसायचे, हात छातीशी धरायचे, आणि उठायचे. पहिल्या दिवशी तीन वेळाच जमले, तेही हातांचा आधार घेऊन. मोजायला नातू. तोही व्यायामशाळेतून आला की म्हणे, ‘‘आजी, तुझा सेट राहिला.’’ सासूबाईंना ‘सेट’ म्हणजे काय ते आधी कळेना; मग शेजारणींना सांगू लागल्या, ‘‘माझे दोन सेट झाले.’’

नवरात्रात अष्टमीला त्या पूजेला पाटावर बसल्या. आरती झाली. मी आणि हे सवयीने पुढे झालो. त्यांनी हातानेच थांबवले, एक हात जमिनीला टेकला, गुडघा उभा केला आणि उठल्या. एका हाताच्या आधाराने, पण आमच्याशिवाय. कुणी काही बोलले नाही. चिरंजीवांनी तेवढी बेटकुळी काढून दाखवली, आणि सासूबाईंनी आपल्या सुरकुतलेल्या दंडाची!

डबा आणला नाही. त्या पैशांतून रोजचे एक लिटर दूध वाढवले आहे. परवा दिवाळीच्या फराळाला बसलो असता चिरंजीवांनी बेसनाचा लाडू हातात घेऊन विचारले, ‘‘आई, यात किती?’’ एका लाडवात प्रथिने तीन ग्रॅम, बाकी तूप आणि साखर. म्हणजे शहाण्णव ग्रॅमसाठी बत्तीस लाडू. ते आनंदाने तयार होते. मी दोनावर थांबवले.

तर वाचकहो, तुमच्या घरीही यंदा कुणीतरी आपल्या वजनाला गुणत असेल. त्याला जरूर १.६ ने गुणू द्या, आणि आधी जोर काढायला सांगा. पण तराजू फडताळात ठेवण्यापूर्वी आणखी एक ताट त्यावर ठेवून बघा. जे सगळ्यांच्या शेवटी वाढले जाते, ते.